तिसरा चौकोन

१

यशोधनला दिल्ली आवडत नव्हती, आणि गाझियाबाद तर धड दिल्लीही नव्हतं. मेट्रो नुकतीच वैशालीपर्यंत येऊन पोचली होती. तिच्या पलीकडे शेतं बुजवून टॉवर उभे राहत होते आणि त्यातल्याच एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. सोसायटीचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं होतं आणि लिफ्टच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या. शेजारचे त्यागीजी लग्नसराईत आठवडाभर ढोल वाजवून घेत. या सगळ्याकडे यशोधन वरून खाली पाहत असे. वरून पाहायला माणूस उंच लागतो. तो तसा फारसा उंच नव्हता, पण अकरावा मजला कामी येई.

तुच्छतेच्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा मात्र सासऱ्यांचा. पद्माकरराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, सगळी नोकरी दिल्लीत, हिंदूरावच्या टेकडीखाली भाड्याच्या घरात राहून केलेली. "हिंदूराव आपल्यातलाच बरं का, मराठा सरदार, ग्वाल्हेरहून आलेला," हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला एकदा सांगत आणि जावयाला जेव्हा जेव्हा आठवेल तेव्हा सांगत. मराठी बोलता बोलता मध्येच 'अच्छा' आणि 'बिल्कुल' म्हणत. पुण्यात वाढलेल्या यशोधनच्या कानाला ते टोचे. सासूबाई गेल्यावर बाबा लेकीकडे राहायला आले आणि हळूहळू विसरायला लागले. एकदा दूध आणायला म्हणून खाली उतरले ते मोहननगरच्या चौकात सापडले, पायात घरातल्या सपाता. त्या दिवशी यशोधन घरीच होता, कानांवर हेडफोन लावून.

म्हणूनच त्याची बायको, पूर्वी, कंपनीच्या ट्रेनिंगला मुंबईला निघाली तेव्हा दारातच थांबली. "मागच्या वेळी झालं ते झालं, यशो. पण परत असं काही झालं ना, तर मी बाबांना घेऊन वेगळी राहीन. भांडत नाहीये, फक्त सांगतेय. त्यांच्या खोलीचं दार बंद नको करूस. अधूनमधून डोकाव, दोन शब्द बोल यार. मला परत आल्यावर ते आहेत तसे हवेत."

"बिल्कुल," यशोधन म्हणाला, सासऱ्यांची नक्कल करत. पूर्वी हसली नाही. ती बॅग ओढत लिफ्टकडे गेली.

२

पूर्वी नसताना घरून काम करायची परवानगी त्याने ऑफिसातून मिळवली होती, आणि हे आपण सासऱ्यांवर केलेले थोर उपकार आहेत असं त्याचं मत होतं. अडचण एवढीच की नॉएडाच्या ऑफिसात त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन असत आणि घरी नुसता लॅपटॉप. एका स्क्रीनवर काम करणं त्याला आता हलकं वाटायला लागलं होतं. दोन दिवस तसे काढल्यावर त्याला बाबांचा कॉम्प्युटर आठवला.

तो निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला होता, स्क्रीन आणि डबा एकातच असलेला, आता जुना आणि मंद. बाबा त्यावर दिवसभर एकट्याने पत्ते खेळत. यशोधन खोलीत गेला तेव्हाही खेळतच होते. त्याला पाहताच ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले. जावई खोलीत आला की ते उभे राहत. जावयाला पहिलं वाढायचं, जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांच्या घरात चालत आलं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यात बदल नव्हता. पूर्वी चिडायची, "बाबा, तो काय पाहुणा आहे का?" म्हणायची. बाबा नुसते "जावई आहेत," म्हणत. यशोधन या प्रकाराची मित्रांत टिंगल करी आणि घरात त्याचा पुरेपूर फायदा घेई.

"बाबा, तुमचा कॉम्प्युटर मला लागणारेय पूर्वी येईपर्यंत."

बाबांनी स्क्रीनवरच्या अर्ध्या राहिलेल्या डावाकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं, यशोधनराव," ते म्हणाले आणि स्वतःच वाकून वायर काढायला लागले.

कॉम्प्युटर हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर आला. त्याच्याखालचं लहानसं टेबलही यशोधनने उचलून आणलं, कारण कागद ठेवायला काहीतरी हवं होतं. बाबांच्या खोलीत त्यांची खुर्ची आणि समोर कोरी भिंत उरली. खुर्ची निदान खिडकीकडे फिरवून द्यावी, हे काही त्याच्या मनात आलं नाही. बाबा पानिपतची चादर गुडघ्यांवर घेऊन परत तिथेच बसले.

त्या जुन्या यंत्राला दुसऱ्याचं चित्र घ्यायला भोकच नव्हतं. बाहेर द्यायला होतं, आत घ्यायला नव्हतं. यावर उपाय म्हणून एक सॉफ्टवेअर मिळे: दोन्हीकडे चढवायचं, मधून नेटवर्कची केबल टाकायची, की जुना कॉम्प्युटर नव्याचा जास्तीचा स्क्रीन होऊन बसे. त्याची सीडी यशोधनने कधीतरी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आणून ठेवली होती. अख्खी सकाळ त्यात गेली. एकाला दुसरा दिसेना, मग दिसला तर चित्र येईना, मग आलं ते ताणलेलं. तो दोन्ही यंत्रांना, बनवणाऱ्यांना आणि सीडी विकणाऱ्याला शिव्या घालत राहिला. शेवटी जुना स्क्रीन निळा झाला. त्याने माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेबाहेर ढकलला आणि तो अलगद जुन्या स्क्रीनवर उतरला.

आता फक्त मापं जुळवायची म्हणून त्याने सेटिंग उघडलं. तिथे प्रत्येक स्क्रीनसाठी एक चौकोन असतो, आकडा घातलेला. लॅपटॉपचा एक आणि जुन्याचा दोन. त्यांच्या उजवीकडे, त्यांना अगदी चिकटून, तिसरा चौकोन होता.

३

यशोधन घाबरणाऱ्यांतला नव्हता, वैतागणाऱ्यांतला होता. भिकार सॉफ्टवेअरने आपलं काम दोनदा चढवून ठेवलं, त्यामुळे यंत्राला नसलेला स्क्रीन दिसतोय, असं त्याने ठरवलं. असं होतं. त्याने सगळं काढून पुन्हा चढवलं. तरीही चौकोन तीनच.

त्याने बाण जुन्या स्क्रीनच्या उजव्या कडेपर्यंत नेला. तो तिथे अडायला हवा होता. तो कडेपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. माउस उलट ओढल्यावर परत आला, पण जायला लागला त्याहून यायला जरा जास्त वेळ लागला. जुनं यंत्र मंद आहे, यशोधनने मनाशी म्हटलं. बाण त्या यंत्रावर नव्हताच, ही गोष्ट त्याने फार खोलात जाऊन तपासली नाही.

मग साहेबांची मेल आली. त्याने ती उघडली, तर विंडो क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. खालच्या पट्टीत ती उघडी दिसत होती, पण दोन्ही स्क्रीनवर नव्हती. तिसऱ्यावर उघडली असणार. "गाढव," तो म्हणाला, आणि ती कीबोर्डने ओढून कशी आणायची ते आठवायला लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. ऑफिसातली फाईल मोठ्याने वाचावी तसे ते एकेक शब्द सुटा करून इंग्रजी वाचत होते.

"डिअर यशोधन. ॲज डिस्कस्ड. द क्लायंट विल जॉइन ऑन फ्रायडे."

यशोधन उठून दारात गेला. बाबा त्याला पाहून उभे राहिले. नजर मात्र भिंतीवरच होती.

"काय वाचताय बाबा?"

"तुमचं पत्र आलंय." बाबा ओशाळले. "माफ करा हं. दुसऱ्याचं वाचू नये. पण अच्छं मोठं अक्षर आहे, आणि समोरच."

भिंतीवर बिल्डरने लावलेला मळकट पांढरा रंग होता आणि एक खिळा होता. यशोधनने खोलीत पाऊल न टाकताच तिच्याकडे पाहिलं आणि परत आला. खटपट करून त्याने मेलची विंडो लॅपटॉपवर ओढून आणली. डिअर यशोधन, ॲज डिस्कस्ड, द क्लायंट विल जॉइन ऑन फ्रायडे.

त्याने ती दोनदा वाचली, हे खरं. पण अशा वेळी त्याच्यासारख्या माणसाची बुद्धी मालकाची लाज राखायला धावून येते. मेल चमकली तेव्हा आपणच पुटपुटत वाचली असेल. म्हाताऱ्याने ऐकली आणि परत म्हटली, पोपटासारखी. एवढ्यावर त्याने जेवण केलं. बाबांना त्यांचं ताट खोलीत नेऊन दिलं, काही न बोलता.

४

जेवणानंतर वीज गेली. गाझियाबादेत ती जायचीच. जुना कॉम्प्युटर काळा झाला आणि लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. सहज म्हणून यशोधनने सेटिंग पाहिलं. दुसरा चौकोन गेला होता. जुनं यंत्र बंद पडल्यावर तो जाणारच. तिसरा होता तिथेच होता.

त्याने नेटवर्कची केबल उपटली. आता लॅपटॉपला काहीच जोडलेलं नव्हतं. चौकोन उरले दोनच: एक आणि तीन, मध्ये रिकामी जागा.

खाली सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला. त्या सेटिंगमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक स्क्रीन आपापला आकडा मोठा करून दाखवतो, म्हणजे कुठला कोणता ते कळतं. यशोधनने ते दाबलं. लॅपटॉपवर पांढरा, वीतभर उंच एकचा आकडा उमटला.

"तीन," आतून बाबा म्हणाले.

या खेपेला तो खोलीत गेला. बाबा उभे राहिले.

"तीन काय, बाबा?"

"तीन लिहून आलं. गेलं आता. त्या गृहस्थांच्या पाठीवरच आलं होतं."

"कुठले गृहस्थ?"

"ते नाही का, बसलेत." बाबांनी हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. "सकाळपासून आहेत. आपल्याकडे पाठ करून बसतात. मी एकदोनदा हाक मारली. कानाला ते लावलेलं आहे ना, ऐकू जात नसेल."

"असं. आणि दिसतात कसे तुमचे गृहस्थ?"

"तुमच्यासारखेच आहेत," बाबा म्हणाले. "बिल्कुल तसेच. मान वर करत नाहीत."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच मारायचं त्यांना कधी जमलंच नाही. पण यशोधनला ती लागली, कारण लागायला जागा होती. भिंतीत त्याला काही दिसत नव्हतं आणि आपल्याला काही दिसत नाही म्हणून आपण इथे उभे आहोत, याचाच त्याला संताप आला. सकाळ वाया गेलेली, दुपार चाललेली, आणि हा म्हातारा भिंतीशी ओळखी काढतोय.

"मग इथून हाका काय मारताय?" तो म्हणाला. "तिकडेच जा ना. जाऊन बसा त्यांच्याशेजारी आणि मारा गप्पा हव्या तेवढ्या. मला कामं आहेत."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "जाऊ म्हणता?"

"जा, जा. लगेच जा."

"अच्छा." त्यांनी गुडघ्यांवरून घसरलेली चादर उचलली आणि तिची घडी घालायला लागले. सावकाश, काठाला काठ जुळवून. "तुम्ही म्हणाल तसं, यशोधनराव."

यशोधनने बाहेर येऊन खोलीचं दार ओढून घेतलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

५

दुपार फार छान गेली. केबल परत जोडल्यावर जुना स्क्रीन पुन्हा सुरू झाला, कामं भराभर उरकली, आणि तिसऱ्या चौकोनाकडे त्याने बघायचंच नाही असं ठरवलं. हेडफोन काढले तेव्हा थंडीतला उजेड मावळतीला लागला होता. घर फार शांत होतं. बाबा खोकत, कूस बदलत, पाय घासत चालत. या आवाजांचा त्याला इतका तिटकारा होता की ते नाहीत हे त्याला पटकन कळलं.

त्याने दार उघडलं. खुर्चीवर चादर घडी करून ठेवलेली होती. बाबा नव्हते.

बाथरूममध्ये नव्हते. बाल्कनीचं दार आतून लावलेलं होतं. सपाता पलंगाखाली जोडीने होत्या. बाहेरच्या दाराची वरची कडी त्याने स्वतः सकाळी घातली होती. बाबांचा हात तिथवर पोचत नसे, आणि ती घातलेलीच होती. तरीही तो खाली धावला. गेटवरच्या रखवालदाराने मान हलवली. "अंकलजी तो नीचे आए ही नहीं, सर." यशोधन त्याच्यावर खेकसला, ड्यूटीवर झोपता म्हणाला. तो झोपला नव्हता हे दोघांनाही दिसत होतं. लिफ्टमधून वर येताना यशोधनला आधी बाबांची काळजी वाटली नाही, पूर्वी काय म्हणेल याची भीती वाटली. मग त्याची त्याला लाज वाटली. थोडीच, पण वाटली.

पोलिसांना फोन करायला हवा होता. पण काय सांगणार? बंद घरातून माणूस गेला. शेवटचं कोण बोललं त्याच्याशी? मी. काय बोललात?

तो लॅपटॉपसमोर बसला, कारण दुसरीकडे कुठे बसायची त्याला सवय नव्हती. कीबोर्डवर एक बटण असतं, ते दाबलं की सगळ्या स्क्रीनवर जे काही असेल त्याचं एक लांबलचक चित्र निघतं. हे त्याला सकाळीच सुचायला हवं होतं. त्याने बटण दाबलं आणि चित्र उघडलं. डाव्या भागात लॅपटॉप होता. मधल्या भागात जुना स्क्रीन. उजवा भाग काळा असायला हवा होता.

तो काळा नव्हता. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खोलीत असतो तसा उजेड होता. बाबा पाठमोरे बसलेले होते. बाहेर आलेले ते कान त्यांचेच. मान एका बाजूला कललेली, कुणाला काही समजावून सांगताना ते कलवत तशी. शेजारी आणखी एकजण होता. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते आणि तो बाबांकडे वळून ऐकत होता. गालाची कड दिसत होती, तोंड दिसत नव्हतं. त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. यशोधनने खाली स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं आणि घाईने नजर वर केली.

त्याने पुन्हा बटण दाबलं. नव्या चित्रात गालाची कड जरा जास्त दिसत होती.

तिसऱ्यांदा दाबायला त्याचा हात धजला नाही. त्याने दोन्ही चित्रं न ठेवता बंद केली आणि उठून बाबांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

६

बेल वाजली. दारात पूर्वी होती; तिचं ट्रेनिंग लवकर संपलं होतं. विमानतळावरून आधी फोन करायचं तिने मुद्दामच टाळलं असावं. तिने दारातूनच त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"बाबा?"

"आत आहेत," यशोधन म्हणाला. हे इतकं सहज तोंडून निघालं की तोच चकित झाला. त्याहून वाईट म्हणजे ते खोटं आहे अशी त्याला खात्री देता येत नव्हती.

"दार का बंद केलंस त्यांचं?" पूर्वीने विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. बॅग तिथेच टाकून, चपला न काढता ती खोलीत गेली. दार तिच्यामागे लोटलं गेलं.

यशोधन टेबलाची कड धरून उभा राहिला. आता ती ओरडेल, मग बाहेर येईल, मग विचारेल. काय काय सांगायचं त्याची त्याने मनाशी जुळवाजुळव चालवली. सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी. नाही, कडीपासून. कडी लावलेली होती, हे आधी.

ती ओरडली नाही.

"अरे," पूर्वी आत म्हणाली, "तू इथे कसा? आत्ता तर दार उघडलंस ना मला?" आणि ती हसली. गोंधळून हसली, पण हसली.

"बैस गं, बैस," बाबांचा आवाज आला. "यशोधनराव दुपारपासून माझ्याजवळच आहेत. हिंदूरावचं सांगत होतो त्यांना. ऐकायला बसले तर उठेचनात."

मग तिसऱ्या कुणीतरी म्हटलं, "दमली असशील. चहा टाकलाय, घेतेस ना?"

तो आवाज यशोधनने ओळखला. ऑफिसातल्या रेकॉर्ड केलेल्या बैठकांत तो त्याने कितीदा तरी ऐकला होता. आवाज त्याचाच होता. फक्त असा सूर त्याने या घरात काढल्याला फार वर्षं झाली होती. मग पूर्वी "घेईन," म्हणाली, आणि तिचाही आवाज असा होता की त्याला लग्नाच्या आधीची ती आठवली.

तो धावत गेला आणि दार ढकललं. खोलीत खुर्ची होती, खुर्चीवर घडी केलेली चादर होती आणि समोर भिंत होती. ती इमारतीची बाहेरची भिंत. तिच्या पलीकडे अकरा मजल्यांची मोकळी हवा आणि खाली पार्किंग. तिथून, भिंतीच्या आतून, चमच्याने कपात साखर ढवळल्याचा आवाज येत होता.

"पूर्वी," त्याने हाक मारली. मग दोन्ही तळवे भिंतीवर आपटून मारली. "पूर्वी, बाबा, मी इथे आहे. इकडे."

ढवळणं थांबलं.

"कुणी हाक मारली का रे?" पूर्वीने तिकडे विचारलं.

"नाही गं," तिकडचा तो म्हणाला. "शेजारच्यांकडे असेल काहीतरी. तू चहा घे, गार होतोय."